कामाच्या गाठी

माझ्या बापानं माझ्यासाठी पोरगी पसंत केली ती तोंड पाहून नाही, हात पाहून. आमच्या भागात तेव्हा तीच रीत होती. घरोघरी बिड्या वळायच्या. सट्टेदाराकडून तेंदूची पानं अन् तंबाखू आणायचा, दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायचं अन् संध्याकाळी वळलेल्या बिड्या त्याला नेऊन द्यायच्या. ज्या घरात सून हाताची चपळ, त्या घराची चूल कधी थंड राहत नसे. म्हणून पोरगी पाहायला गेलेला माणूस तिला नाव-गाव विचारायच्या आधी म्हणायचा, बाई, हात पुढं कर.

बापानं तिचे हात धरले अन् उलटे केले. बोटांच्या मुळाशी, हाताच्या मागच्या बाजूला गाठी होत्या. हरभऱ्याएवढ्या, कडक, जरा पिवळ्या. बाप त्यांच्यावर अंगठा फिरवत राहिला. मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "पाह्य गा. असे हात बसून खाऊन होत नाही."

तिची आई लाजून हसली. तिच्या हातावरही तशाच होत्या. त्या घरात बहुतेकांना होत्या अन् सगळ्या गावात त्यांचं नाव होतं, कामाचं घर म्हणून. त्या गाठींना नावच होतं, कामाच्या गाठी. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर नाहीच नाही. लगन विहारात झालं. पांढऱ्या साडीत ती उभी होती अन् मी हारातून तिचे हातच पाहत होतो.

नंतर ती मला त्यावरून चिडवायची. "तुमच्या बापानं माह्या हाताशी लगन लावलं तुमचं. तोंड कोणाचं हाय ते एकडाव पाहून त घ्या." मी म्हणायचो, तोंड पाहिलं असतं तर लगन मोडलंच असतं. मग ती हातातलं पान फेकून मारायची. तेंदूचं पान लागत नाही, पण ती मारायची मात्र जोरात.

तिच्या डोळ्याच्या काळ्या भागाभोवती एक पांढरं कडं होतं. बारीक, रेखल्यासारखं. मी म्हणायचो, चांदीचं कडं कोणी पायात घालते, ही डोळ्यात घालून आली. तेही आम्हाला चांगलंच वाटायचं. आता या वयात बसून आठवतो तेव्हा कळते की बिमारी तिच्या अंगावर उघडी ठेवली होती, हातावर, डोळ्यात. आम्ही रोज पाहत होतो अन् कौतुक करत होतो.

सन नव्याण्णवमध्ये ती गेली. त्याच्या आधी वर्षभर तिला दम लागायचा. धानाच्या बांधीतून वर चढताना मधेच उभी राहायची अन् छातीवर मूठ ठेवायची. विचारलं तर म्हणे गॅस हाय. ओवा चावायची अन् पुन्हा कामाला लागायची. गेली त्या दिवशी दुपारी ओसरीत बिड्या वळत बसली होती. शेजारची बाई समोरच होती. दोघींचं काहीतरी हसणं चाललं होतं. हसता हसता हिनं भिंतीला टेकलं अन् सूप मांडीवरून घसरलं. शेजारीण आधी तंबाखू सांडला म्हणून ओरडली. तिच्याकडं तिनं नंतर पाहिलं.

लोक म्हणाले, तंबाखूच्या धुळीनं नेली. मलाही तेच पटलं. तिची पुण्यानुमोदनाची वंदना झाली अन् दुसऱ्याच दिवशी मी सूप, कैची, उरलेली पानं सगळं सट्टेदाराच्या दारात नेऊन टाकलं. म्हटलं, माझ्या घरात पुन्हा बिडी वळली जाणार नाही. सट्टेदार म्हणाला, "पोरगी हाय ना तुही, दोन वर्षांत हात बसन तिचा." मी म्हटलं, "तुह्या पोरीचा बसव." तेव्हा माझी पोरगी नऊ वर्षांची होती. पोरगा मिसरूड फुटलेला. दोघांना मीच वाढवलं. भात मी करायचो, तो कधी कच्चा राहायचा, कधी लागायचा. पोरगा गुपचूप खायचा. पोरगी तोंडावर बोलायची, "बाबा, हा भात कोंबड्यायनं बी नाई खाल्ला."

पोरगा ट्रकवर लागला. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. आमचं गाव सडक अर्जुनीपासून आत आहे अन् नागपूर-रायपूरचा रस्ता तिथूनच जातो, त्यामुळे आमच्याकडची निम्मी पोरं ट्रकवरच. पोरगी बारावी झाली अन् तालुक्याच्या गावी एका झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसू लागली. तिला पंधरा-सोळाव्या वर्षी बोटांच्या मुळाशी गाठी दिसायला लागल्या. पोराला आधीच आल्या होत्या, त्याच्या हाताकडं कोणी पाहिलं नव्हतं, एवढंच. पोरीचे पाहिले. मोहल्ल्यातल्या बाया म्हणाल्या, आईच परतून आली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. ती जेवायला बसली की मी तिच्या हाताकडं पाहत राहायचो. घास मळताना बोटं हलली की गाठी खालीवर व्हायच्या, तिच्या आईच्या व्हायच्या तशाच.

ज्या पोरीनं बिडी कधी हातात धरली नाही तिच्या हातावर बिडीच्या गाठी कशा आल्या, हे ना मी विचारलं, ना बायांनी विचारलं. कोणीच विचारलं नाही.

ते विचारलं नागपूरच्या डॉक्टरीण बाईनं. ही दोन हजार दहाच्या पुढची गोष्ट. पोरगा तिशीच्या वर गेला होता. टायर बदलताना त्याच्या छातीत कळ आली. गोंदियाच्या डॉक्टरनं मशीनवर छातीची पट्टी काढली, ती वरखाली पाहिली अन् म्हणाला, "बाबाजी, उमर कम है इसकी. नागपुर ले जाओ, देर मत करो." मी नेलं.

बाईनं त्याची छाती नंतर तपासली, हात आधी धरला. "हे कधीपासून आहे?"

मीच बोललो. "त्या कामाच्या गाठी हाय बाई. ह्याच्या आईले होत्या, आजीले होत्या. बिड्या वळणारं घर हाय."

"हा बिड्या वळतो?"

"नाई. हा ट्रक चालवते."

"मग ह्याला कशानं आल्या?"

पोरगा हसून म्हणाला, "स्टेअरिंगनं आल्या असतीन मॅडम." बाई खाली वाकली अन् त्याच्या टाचेच्या मागची शीर चिमटीत धरली. ती बोटाएवढी जाड झाली होती. "अन् ही?"

"क्लचनं."

"दोन्ही पायांची? क्लच तर एकाच पायाला असतो ना?"

मग बाईनं मला समोर बसवून विचारायला सुरुवात केली, कोण कशानं गेलं. बायको कशानं गेली? म्हटलं, तंबाखूनं. तिची आई? परह्याची रोपं लावता लावता बांधीत बसली, ती उठलीच नाही. लोक म्हणत बाहेरचं लागलं. आम्ही ते मानत नाही, पण लोक म्हणत. तिचा भाऊ? म्हटलं, दारूनं.

"किती प्यायचे?"

मी आठवून पाहिलं. "बाजाराच्या दिवशी घ्यायचा. तेही कधी कधी."

बाई समोर कागदावर माणसं काढत होती. बाईमाणूस असेल तर गोल, गडीमाणूस असेल तर चौकोन, अन् गेलं असेल तर त्याच्यावर तिरपी रेघ. माझ्या बाजूचे म्हातारे होऊन गेले होते. बायकोच्या बाजूला सगळी तरणी माणसं पडली होती. प्रत्येक मरणाला आम्ही वेगळं कारण देऊन बसलो होतो. एक तंबाखूनं, एक दारूनं, एक भुताटकीनं. बाईनं सगळी एका ओळीत आणली.

मग तिनं समजावून सांगितलं. रक्तातली चरबी ओढून घ्यायला आपल्या कलेजीत हात असतात म्हणे. तुमच्या बायकोच्या माहेरच्या लोकांना ते हात अर्धेच मिळाले. न ओढलेली चरबी रक्तात फिरत राहते, शिरांना चिकटते, अन् अशी बोटांवर, टाचांवर येऊन बसते. तेल-तूप खाल्लं न खाल्लं तरी. आईबापाकडून जे बीज येतं त्यातच ती खोट असते. त्याची तपासणी होते, रक्त दूर पाठवतात, काही आठवड्यांनी उत्तर येतं. लेकराला ते येईल की नाही हे नाणं उडवल्यासारखं. चित नाहीतर पट.

मी म्हटलं, "बाई, माहे त दोनच नाणे हाय."

तिनं पोराचं रक्त काढून घेतलं, हातात गोळ्यांची चिठ्ठी दिली अन् दोनदा सांगितलं, "गोळ्या आजपासून. तपासणी घरच्यांसाठी आहे, गोळ्या तुझ्यासाठी. रिपोर्टची वाट पाहायची नाही."

आता याच्याहून साफ कसं सांगतात? पण माझा पोरगा परतीच्या बसमध्येच म्हणाला, "पहिले साबित त होऊ द्या बाबा. एकडाव सुरू केल्या का जिंदगीभर सुटत नाई म्हणे या गोळ्या. कागदात नसन निघालं त फुकटचा बिमार कायले होऊ?"

"अरे तिनं सांगितलं ना गा, आजपासून म्हणून."

"तुम्ही कायले घाबरून राहिले? कागद येऊ द्या. कागदात असन त बिस्किटावानी खाईन."

रोज म्हटलं त्याला. पोरीनं म्हटलं, त्याच्या बायकोनं म्हटलं. तो उलट आमचीच मजा करायचा. बायकोला म्हणे, "रिपोर्टात काही निघालं नाई त या गोळ्या तुह्या बापाले आहेर करू." त्याला वाटत होतं, नाव ठेवल्याशिवाय बिमारी लागू होत नाही. कागदानं सांगेपर्यंत तो मोकळा. अडाणीपणा म्हणा. पण मला वाटते, त्याला आईसारखं जायचं नव्हतं, म्हणून तो आईसारखा आहे हेच त्याला मान्य नव्हतं.

कागद यायच्या आधीच तो गेला. सडक अर्जुनीच्या अलीकडं एका ढाब्यासमोर त्यानं गाडी कच्च्यात उतरवली, ब्रेक लावला, चाबी काढली अन् स्टेअरिंगवर डोकं ठेवलं. ढाबेवाला मला म्हणाला, "आम्हाले वाटलं, झोपला असन. ड्रायव्हर लोक झोपतेच." मागं सिमेंट भरलेलं होतं. कोणाला धक्का न लावता गेला, एवढं लोकांनी मला जागोजागी सांगितलं. मी काय करू त्याचं? सुनेला लेकरूबाळ नव्हतं. तिच्या माहेरच्यांनी तिला नेलं अन् पुढं दुसरं लगन करून दिलं. बरं केलं.

त्याचा मोबाइल पोरगी चार्ज करून ठेवायची. कायले, ते मी विचारलं नाही. एक दिवस तो वाजला. पलीकडून कोणी बाई म्हणाली, "रिपोर्ट आला आहे, पेशंटला घेऊन या." पोरगी "बरं" म्हणाली अन् फोन ठेवला.

आम्ही दोघं गेलो. पोरगी बाहेर बाकावर बसली, मी आत गेलो. डॉक्टरीण बाईनं माझ्या मागं दाराकडं पाहिलं. "पेशंट कुठाय?"

"गेला."

तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिनं समोरचा कागद पालथा घातला. "गोळ्या घेत होता?"

"नाई. तुमच्या कागदाची वाट पाहून राहिला होता."

वाईट बाई नव्हती ती. मग हळू आवाजात म्हणाली, "तुमची मुलगी आहे ना? तिची तपासणी करायला हवी."

माझं डोकं फिरलं. "दोन नेले ना तुमच्या त्या बीजानं? आता तिसरी बी लिहून देऊ काय तुमच्या कागदावर?"

"कागद कोणाला नेत नाही, बाबा."

"मग मी काय करू त्याचं? पोराच्या फोटोले चिकटवू?"

मी उठून बाहेर आलो. पोरगी म्हणाली, काय म्हणे? मी म्हटलं, काही नाही, चाल. माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच होतं की तिचं नाव त्या ओळीत जाऊ द्यायचं नाही. बिन तपासलेली पोरगी माझ्या घरात चांगली होती. हसत होती, दुकानात जात होती, माझ्या भाताला नावं ठेवत होती.

माझ्या मोठ्या भावाचंही तेच म्हणणं पडलं. तो म्हणाला, "पोरगी उजवून टाक पहिले. लगन झाल्यावर त्यायच्या घरी काय तपासाचं ते तपासतीन. आपल्या घरून कायले डाग लावून पाठवतं?" अन् त्यानंच देवरीकडचं एक स्थळ आणलं. पोरगा शाळेत शिपाई, घरची थोडी शेती. पाहायला पोरगा, त्याचा बाप अन् त्याची आत्या अशी तिघं आली. पोहे झाले, चहा आला. आत्या जुनी बिडीवाली होती. पोरीनं कप पुढं केला तर तिनं कप राहू दिला अन् हातच धरला.

"अव्वा! हात त पाहा पोरीचे! आजकाल असे हात पाहाले नाही भेटत." आपल्या भावाकडं वळून म्हणाली, "तुम्ही काही पुसू नका आता. ही पोरगी कामाची हाय." मग पोरीला म्हणाली, "वळते काय व बिड्या?"

माझ्या भावानं पटकन सांगून टाकलं, "लहानपणापासून."

माझा बाप डोळ्यासमोर उभा राहिला. एक शब्द बोललो असतो तर स्थळ गेलं असतं, न बोललो तर पोरगी जात होती. मी तसाच बसून राहिलो. पोरीनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग ती आत्याला म्हणाली,

"मोठेबाबा लबाड बोलून राहिले, आत्याबाई. मी जिंदगीत एक बिडी वळली नाई. मी कॉम्प्युटरवर बसतो. या कामाच्या गाठी नाई."

"मग कायच्या व?"

"माह्या आईले होत्या, भावाले होत्या. दोघंबी छातीनं गेले. नागपूरची डॉक्टरीण म्हणते रक्तातच हाय. मले हाय का नाही ते तपासलं नाई अजून. पण असन. मले वाटते असन."

पोराचा बाप चहात पाहत होता. पोरगा बिचारा माझ्या पोरीकडं पाहत होता, मला वाटते त्याला ती आवडली होती. आत्यानं मात्र हात सोडला नव्हता. तशीच धरून बसली होती. चहा संपला, ते उठले. निघताना दारात ती आत्या थांबली अन् म्हणाली, "तपासून घेजो पोरी. लाजू नोको." पुन्हा त्या घरून निरोप आला नाही.

भाऊ तडकला. "तोंडाले कुलूप नाही तुह्या पोरीच्या! असं आलेलं स्थळ कोणी लाथाडते काय?" पोरगी कप उचलत होती. म्हणाली, "मोठेबाबा, मी तिथं जाऊन मेली असती त त्यायनं म्हटलं असतं, पांढऱ्या पायाची होती. त्याच्यापेक्षा हे बरं नाई काय?" भाऊ चप्पल घालून निघून गेला. महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर मला नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही. आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. पोरीनं रक्त दिलं. मी म्हटलं, "माहं बी काढा." बाई म्हणाली, तुमचं गरजेचं नाही. मी बाही वर करून बसलो ते उठलोच नाही. शेवटी तिनं साधी चरबीची तपासणी करायला सांगितली. माझं सगळं चांगलं निघालं. एवढं चांगलं की तिथला पोरगा म्हणाला, "बाबा, जवान लोकांचं असं नसते." मी जिंदगीभर बिड्या ओढल्या, मिळेल ते खाल्लं, अन् माझं रक्त असं. मला त्या दिवशी जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नाही. पोरीला देण्यासारखं माझ्याजवळ तेवढं एकच चांगलं होतं अन् ते तिला मिळालं की नाही ते कोणत्यातरी दूरच्या शहरात एक मशीन पाहत होती.

पोरीनं गोळी त्याच दिवशी सुरू केली. कागदाची वाट पाहिली नाही. भावाचं जे झालं ते तिला दिसत होतं. पण मला ते दिवस फार जड गेले. मी कधी देवाला मानलं नाही, अन् कोणापुढं हात जोडावे तेही सुचत नव्हतं. विहारात जाऊन बसायचो. काही मागायचो नाही, फक्त बसायचो. मनात मात्र चालूच राहायचं, माझं जाऊ दे तिच्यात, माझं जाऊ दे.

नाही गेलं. बाईनं आम्हा दोघांना बसवून सांगितलं, "आहे. भावाला होती तीच खोट आहे." मी खाली पाहत होतो. पोरगी म्हणाली, "हे आईकडूनच आलं ना?"

"आईकडूनच."

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं," पोरगी म्हणाली. मग कोणाला सांगितल्यासारखं नाही, तसंच म्हणाली, "मले आईचं तोंड बी नीट आठवत नाई आता. आवाज बी नाई." बाईनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. तिनं तो प्यायला नाही, हातात धरून बसली.

त्याला आता काही वर्षं झाली. ती गोळी रोज घेते, जेवण झाल्यावर, माझ्यासमोर. मी पाहत राहिलो की चिडते. "बाबा, असे नोका पाहत जाऊ, घशात अटकते." लगन अजून झालं नाही. मध्ये दोन-तीन स्थळं आली. ती सगळ्यांना आधीच सांगते, चहा टाकायच्या आधी. म्हणते, चहा तरी वाया नाही जात. बाई म्हणाली आहे की लगन करायला काही हरकत नाही, लेकरू पाहिजे असेल तेव्हा आधी येऊन सांगायचं, गोळी काही दिवस थांबवावी लागते. लेकराचंही तेच, चित नाहीतर पट. पण आता माहीत आहे तर लहानपणीच पाहता येईल म्हणे.

मागच्या खेपेला नागपूरला गेलो तेव्हा बाईनं तिचे हात उलटे करून पाहिले, बोटं वाकवायला लावली. मग मला जवळ बोलावलं. "बघा बाबा, गाठी बसत चालल्या आहेत. गोळ्या लागू पडल्या. दरवेळी असं होत नाही." ती खुश होती. पोरगीही खुश होती, हात पुढं धरून वळवून वळवून पाहत होती, नव्या बांगड्या घातल्यासारखी. मीही पाहिलं. करंगळीच्या मुळाशी एक राहिली होती, बाकीच्या जागा जवळजवळ सपाट झाल्या होत्या. कोण्याही पोरीचे असतात तसे हात.

मी चहा प्यायच्या बहाण्यानं बाहेर आलो अन् टपरीच्या मागं जाऊन रडलो. म्हातारा माणूस रडताना चांगला दिसत नाही, नाकतोंड सगळं एक होते. पोरगी शोधत आली.

"बाबा! बरं निघालं म्हणून कोणी रडते काय?"

मला आधी काही सांगायचं नव्हतं. पण ती तशीच समोर उभी राहिली, आईसारखी कमरेवर हात ठेवून, तेव्हा बोललो. "तुह्या आईचे हात होते व ते. घरात तेवढेच राहिले होते."

तिनं आपल्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाली, "मग बंद करू काय गोळ्या?"

"बंद केल्या त टांग तोडीन तुही."

"मग रडता कायले?"

तिनं ओढणीच्या टोकानं माझं नाक पुसलं, लहान लेकराचं पुसतात तसं, अन् म्हणाली, आपल्या गावाकडची गाडी लागली असन, चाला. मी तिच्या मागं चालू लागलो.